पाच वाजता पंखे बंद करणारे सर

पाच वाजले की आमचे सर हॉलमधले पंखे बंद करायचे. याला तुम्ही काय वाटेल ते नाव द्या, मी छळ म्हणते. चिंचवडमधला उद्योजकांच्या एका संघटनेचा हॉल, एप्रिलचा महिना, आत आम्ही तीसेक जण घामेजलेले, आणि सर बोलता बोलता घड्याळाकडे बघून वाक्य तिथंच सोडायचे, भिंतीपाशी जायचे आणि एसी, पंखे, दिवे, सगळी बटणं एका दमात खाली.

"महाग वीज सुरू झाली," म्हणायचे. "आता ज्याला गरम होतंय त्यानं खिडकी उघडावी."

पहिल्याच दिवशी मी फणकारले. "सर, या हॉलचं बिल आपण थोडंच भरतोय?"

"बिल त्यांचं, पण घाम तर आपला आहे ना? दर पाठ करून लक्षात राहत नाहीत गं. घाम आला की राहतात."

कार्यशाळा होती सौरऊर्जेच्या नव्या वीजदरांची. आम्ही सगळे बिल तपासणारे लोक. कारखान्यांची वीजबिलं आमच्याकडे येतात, त्यातल्या चुका काढायच्या, वीज कंपनीनं कुठं जादा लावलं असेल तर ते परत मिळवून द्यायचं, असं आमचं पोट भरण्याचं साधन. त्यात नियम बदलले. पूर्वी रात्री दहानंतर वीज स्वस्त असायची. आता सूर्य वर असताना स्वस्त, म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, आणि पाच वाजून गेले की महाग. एवढं समजून घ्यायला अख्खा आठवडा कशाला हवा, असं मला वाटायचं. माझी आई म्हणते की मला सगळंच लवकर समजतं, फक्त माणसं सोडून.

सर वीज कंपनीत आयुष्य काढून निवृत्त झालेले. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काडी, आवाज मात्र असा की हॉलबाहेरचा वॉचमनसुद्धा दर शिकला असेल. खिशात पेनाऐवजी टेस्टर. शिकवायला उभे राहायचे नाहीत. खिडकीतून ऊन जिथं पडेल तिथं खुर्ची टाकून बसायचे, आणि ऊन सरकलं की खुर्ची सरकवायचे. सकाळी आमच्या माना पूर्वेच्या खिडकीकडे, दुपारी पश्चिमेच्या. पडद्यावर चित्रं दाखवायला संघटनेनं मशीन लावलं होतं, त्यावर सरांनी आपली टोपी वाळत घातली होती.

आमची नावं त्यांनी एकदाही विचारली नाहीत. कोण कुठून येतं एवढं विचारलं आणि तेच नाव ठेवलं. मी मोशीची, म्हणून मी मोशी. मागच्या बाकावर डुलक्या काढणारा एक पोरगा आळंदीहून यायचा. "आळंदी, समाधी लागली का?" असं सर ओरडले की तो दचकून उभाच राहायचा. माणहून येणाऱ्या एक मॅडम होत्या, मोठ्या पगाराच्या. त्यांना आधी हे आवडलं नाही, पण सरांनी "काय हो माण, तुमचं काय मत?" असं सारखं विचारल्यावर त्याही हसायला लागल्या.

त्यांच्या घरी मी एकदा कागद द्यायला गेले होते. निगडीला प्राधिकरणात घर. संध्याकाळची वेळ, काकूंनी इडल्या समोर ठेवल्या आणि म्हणाल्या, "चटणी नाही हं. मिक्सर लावायला बंदी आहे ह्या वेळेला." घरच्या मीटरला हा हिशेब एवढा कडक नसतो, हे सरांना आमच्यापेक्षा जास्त माहीत. पण ऐकतील तर शपथ. काकू म्हणाल्या, "आमच्या लग्नाला ह्यांनी मुहूर्त बघितला नाही, कोर्टात जाऊन सही ठोकली. आता खोबऱ्याच्या चटणीला मुहूर्त बघतात."

आतून सरांचा आवाज, "दुपारी दोनला ये, मोशी! पाहिजे तेवढी चटणी खा!"

मी कोरड्या इडल्या खाऊन आले.

आणखी एक खोड. बिल ते वाचायचे नाहीत, ऐकायचे. डोळे मिटून खुर्चीत मागं रेलायचे आणि एकाला वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचायला लावायचे. मधेच "थांब, परत वाच," म्हणायचे आणि नेमकी तिथं भानगड असायची. कधीकधी मात्र भानगड वगैरे काही नसायची, त्यांना खरोखर झोप लागलेली असायची. अशा वेळी आळंदीच्या पोराला फार आनंद व्हायचा.

समारोपाच्या आदल्या दिवशी जेवणानंतर असंच एक बिल ऐकणं चाललं होतं, तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आल्या. नऊवारी नाही, पाचवारीच, पण खोचलेली, पायात बूट, हातात हेल्मेट. चाकणच्या जुन्या गावकऱ्यांपैकी.

"हितं बिलं तपासत्यात न्हवं?"

"तपासतात," सर डोळे न उघडता म्हणाले. "बसा ताई. काय तयार करता?"

त्यांचा चाकणला छोटा कारखाना होता. सासऱ्यांनी काढलेला. नवरा टेम्पोवर माल पोचवायचा आणि कारखाना या बघायच्या. गाड्यांचे लहानसहान दातेरी भाग विजेच्या भट्टीत तापवायचे आणि तेलात बुडवून कडक करायचे, एवढंच काम. भट्टी म्हणजेच कारखाना. वर्षापूर्वी कर्ज काढून छपरावर सोलर बसवलं होतं.

"बिल निम्मं हुईल म्हनले व्हते बसवनारे," ताई म्हणाल्या. "निम्मं सोडा, वाढलंच. वर हप्ता येगळा. आमी काय येड्यावानी छपरावर काचा लावल्या व्हय? आता म्या ठरवलंय. येत्या एक तारखेला गोदामवाला येतोय टोकन घिऊन. भट्टी भंगारात, गाळा भाड्यानं. पर त्याआदी एकदा शान्या मानसांना बिल दावावं म्हनलं. मानसं हायेत वो माज्याकडं कामाला. सासऱ्याच्या टायमापासनं हायेत. त्यांना काय तोंडानं सांगू?"

हे शेवटचं बोलताना त्यांनी उगाच हेल्मेटचा पट्टा घट्ट केला.

आम्ही शाणी माणसं त्या बिलावर तुटून पडलो. कुणी म्हणे मीटर चुकलंय, कुणी म्हणे रीडिंग, माणच्या मॅडमनी लॅपटॉप उघडला. मी तर पैजेवर सांगितलं की सोलरनं कंपनीला दिलेले जमा युनिट धरलेच नसणार. तासभर खटपट केली. चूक कुठंच नव्हती. पैशापर्यंत बरोबर होतं बिल. ताई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या.

सरांनी डोळे उघडले. "ताई, भट्टी कधी लावता?"

"रातच्याला. आन कवा?"

सर आमच्याकडे वळले आणि बघत राहिले. आम्हाला कळेना, काय झालं. भोसरीपासून चाकणपर्यंत कुणालाही विचारा, भट्टी रात्रीच लागते. वर्षानुवर्षं रात्रीची वीज स्वस्त, त्यामुळं अख्ख्या पट्ट्याला तीच सवय. आमच्या फर्मच्या अहवालात तर शेवटी एक वाक्य छापूनच ठेवलेलं आहे: जड यंत्रं शक्यतो रात्री चालवावीत. दर बदलले, वाक्य तसंच. इतके दिवस आम्ही दुपारच्या स्वस्त विजेवर व्याख्यानं ऐकत होतो, पाच वाजता घाम पुसत होतो, आणि समोरची बाई "रातच्याला" म्हणाली तेव्हा एकाचीही भुवई हलली नव्हती.

"दिवसा तुमच्या छपरावर वीज तयार होते तेव्हा तुमची भट्टी थंड," सर सांगायला लागले. "ती वीज जाते बाहेर, कंपनीच्या तारेत. नव्या नियमानं दुपारची जमा फक्त दुपारच्या वापरातून वजा होते. रात्रीच्या भट्टीला तिचा उपयोग शून्य. पिकवता दुपारी आणि खाता रात्री, तेही दुसऱ्याच्या दुकानातून आणून. भट्टी दिवसा लावा ताई, कारखाना वाचेल."

ताईंनी बिलाची घडी घातली. मग म्हणाल्या, "आमचा मामा न्हाई ऐकायचा."

मामा म्हणजे त्यांचा भट्टीवाला. लातूरकडचा माणूस, स्वतःच्या लग्नाआधीपासून त्याच भट्टीवर. सगळा कारखाना त्याला मामा म्हणायचा. किती लाल झाली की भट्टी उघडायची, हे मामाच्या डोळ्याला कळायचं. तो नाही म्हणाला तर काम होणार नाही, असं ताईंचं ठाम मत होतं.

"मग उद्या मामांकडे," सर म्हणाले.

उद्या म्हणजे समारोप. पाहुणे येणार, प्रमाणपत्रं वाटणार, सरांचा सत्कार होणार. संघटनेच्या सेक्रेटरींनी शाल-श्रीफळ टेबलावर मांडून ठेवलं आणि सरांनी सगळा वर्ग बसमध्ये घालून चाकणला नेला. सेक्रेटरी फोनवर फोन करत होते. सरांनी फोन माझ्याकडे दिला, "सांग त्यांना, चाकण चौकात अडकलोय." तेव्हा आम्ही अजून भोसरीत होतो. पण नंतर चौकात इतके अडकलो की खोटं बोलल्याचं पाप फिटलं.

मामा मुद्दाम दिवसा थांबले होते. पन्नाशीचे, रात्रपाळी करून डोळे तांबडे. सरांनी बोलायला सुरुवात केली, आणि मामा त्यांच्याकडे टक लावून बघायला लागले.

"साहेब, तुमी वीज कंपनीत व्हताव का?"

"होतो."

"तवा तुमी आलताव हितं. म्हाताऱ्या मालकाच्या टायमाला. टेबलावर बसून सांगितलाव, भट्टी रातच्याला लावा, वीज सस्ती हाय. मीच चहा आणून दिल्ता तुमास्नी."

सरांनी त्या टेबलाकडे वळून बघितलं.

"तवापासून रातच्याला लावायलो," मामा म्हणाले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "लगीन झालं, लेकरू झालं, रातपाळीच करायलो. आता तुमीच म्हणायलाव, दिवसा लावा. लावू की. पर मधल्या रातीचं काय, साहेब?"

मला वाटलं सर आता दर कसे बदलले ते समजावतील. त्यांना ते तोंडपाठ होतं. त्यांनी टोपी काढली.

"मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "एकट्या तुम्हाला नाही, या पट्ट्यात दारोदार फिरून सांगितलं. तेव्हा हिशेब बरोबर होता. आज तो चुकीचा आहे. मधल्या रात्री मला परत देता येत नाहीत, मामा. पुढच्या देता आल्या तर बघतो."

मामा मानेनंच नाही म्हणाले. एप्रिलात पत्र्याखाली दिवसा भट्टी लावायची म्हणजे माणूस भाजून निघेल. पूर्वी एकदोनदा नाइलाजानं लावली होती, एक पोरगा चक्कर येऊन तेलाच्या टाकीपाशी पडता पडता वाचला होता. पत्रा वरून तापतो, भट्टी खालून. "तुमचं काय जातंय सांगायला?"

"एक दिवस द्या मला," सर म्हणाले. "तुम्ही जिथं उभे राहता तिथं मी खुर्ची टाकून बसतो. नऊ ते पाच. मला काही झालं तर तुमचं खरं. आणि माल बिघडला तर ताईंनी खुशाल गोदामवाल्याचं टोकन घ्यावं."

परतीच्या बसमध्ये मी त्यांना झाडलं. सत्तरी उलटलेल्या माणसानं भट्टीपुढं बसायचं म्हणजे काय डोकंबिकं फिरलंय का? सर म्हणाले, "तूच ने मला. तुझ्याकडे गाडी आहे आणि तुला राग येतो. दोन्हीची गरज पडेल."

नेलं, काय करणार! ओआरएसची पाकिटं, ओला पंचा, जवळच्या दवाखान्याचा नंबर, सगळं घेऊन गेले. काकूंनी ताकाची बाटली दिली होती आणि निरोप दिला होता की मूर्खपणा केला तर घरात घेणार नाही.

ताई पहाटेपासूनच कारखान्यात होत्या. मामा भट्टीच्या दारापाशी. सरांनी घड्याळ काढलं, तसं मामा तुटकपणे म्हणाले, "आदल्या खेपंनंतर दार उघडलंच न्हाई म्या. ऊब हाय आत. लवकर तापंल." मला तेव्हा जरा बरं वाटलं. ज्याला हरवायचंच असतं तो दार बंद ठेवत नाही.

नऊला बटण दाबलं. अकरा वाजले, बारा वाजले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. सर खुर्चीत बसून ताक पीत होते आणि मामांना विचारत होते, मुलगी कितवीत, तुमच्या गावाकडं पाऊस कसा. मामा तुटक उत्तरं द्यायचे आणि सरांच्या तोंडाकडे बघायचे, आता कोसळतील, मग कोसळतील. मीही तेच बघत होते. घाम होता, पण तेवढाच. सर काही कोसळेनात.

एक वाजता मामा वर बघायला लागले. मग शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. परत आले. परत गेले. सोलर अर्ध्याच छपरावर होतं, भट्टीच्या बाजूला. उरलेल्या अर्ध्यावर उघडा पत्रा. मामांनी शिडी लावली, भट्टीच्या बाजूला वर चढले आणि आतून पत्र्याला तळहात टेकवला. मी ओरडले, "अहो मामा, भाजेल!" त्यांनी हात काढलाच नाही.

"ताई," वरूनच म्हणाले, "ह्यो पत्रा तापंना गेलाय."

काचा बसवल्या तेव्हापासून त्या बाजूला ऊन पत्र्यापर्यंत पोचतच नव्हतं. आणि काचा बसवल्यापासून दिवसा त्या जागी कुणी उभंच राहिलं नव्हतं. वर सावली तयार होती आणि खाली माणसं रात्रीची घामाघूम होत होती. ताई मटकन एका पेटीवर बसल्या आणि हसायला लागल्या, मग पदर तोंडाला लावला. "सरांना ठावं व्हतं का ह्ये?" त्यांनी मला विचारलं.

मी सरांना विचारलं. "अंदाज होता," म्हणाले. "खात्री नव्हती. असती तर ताक कशाला आणलं असतं?"

साडेचारला माल निघाला. कडकपणा तपासायच्या मशीनवर मामांनी स्वतः एकेक तुकडा ठेवला. ताई बाजूला उभ्या राहून पुटपुटत होत्या, बहुतेक देवाचं नाव. एक तुकडा, दुसरा, तिसरा. मामा आकडा बघून पुढचा घ्यायचे. शेवटचा तपासून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बेस हाय."

ताईंनी तिथंच फोन लावला. "भाऊ, टोकन नगं आनू. न्हाई द्यायचा गाळा. व्हय, पक्कं."

पाचला भट्टी बंद झाली. सगळे हात धुऊन निघाले, आणि मामा डबा हातात घेऊन फाटकापाशी उभेच. जायचं कुठं ते सुचत नसल्यासारखे.

"काय झालं मामा?" मी विचारलं.

"ह्या टायमाला मी यायलो असतो माल भरायला, दहाला भट्टी लावायला," ते म्हणाले. "आता काय करू?"

"घरी जा," सर म्हणाले. "चला, सोडतो." गाडी माझी, आणि सोडणार हे. असो.

मामांची खोली कुरुळीत होती, हमरस्त्यापासून आत, एका चाळीत. संध्याकाळची वेळ, दारादारात बायका, पोरं सायकली फिरवत होती. मामांना त्या वेळी आलेलं बघून दोन-तीन बायका बोलायच्या थांबल्या. दार त्यांच्या मुलीनं उघडलं, दहावीतली असेल, हातात पुस्तक. आधी बापाकडे बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या आमच्याकडे, आणि तिचा चेहरा पडला.

"पप्पा, काढलं का तुम्हाला कामावरून?"

"न्हाई गं बाय. सुट्टी झाली."

"आत्ता? मग रात्री?"

"रातच्याला हितंच हाय."

"आणि उद्या?"

"उद्या बी ह्याच टायमाला येणार."

ती बघत राहिली, खरं की खोटं ते चाचपत. मग आत वळून इतक्या जोरात ओरडली की अख्ख्या चाळीला ऐकू गेलं, "मम्मी! आज पप्पा जेवायला आहेत!"

पाहुणा आल्यावर ओरडतात ना, तसं ओरडली. मामा चप्पल काढायला वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

सर माझ्या कानाशी म्हणाले, "मोशी, मला रडू येतंय. मी गाडीत जाऊन बसतो." आणि खरंच जाऊन बसले. मी मात्र थांबले. आत मामी डब्यातून आणखी तांदूळ काढत होत्या आणि कुणीतरी चहाला हो म्हणायलाच हवं होतं.